खोतान : भूरचना, ऋतुमान आणि हवेची गुणवत्ता

खोतान (चिनी नाव होतान) : चीनच्या शिंजियांग उइगुर स्वायत्त प्रदेशाच्या दक्षिण भागात, युरुंगकाश व काराकाश या नद्यांमधील मरूद्यानात वसलेले छोटे शहर. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,३७० मी. जेड, गालिचे व रेशीम यांसाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध असलेल्या या शहरात मोठे कारखाने फारसे नाहीत. तरीही आयक्यूएअर या स्विस कंपनीच्या २०२०च्या जागतिक यादीत ते सर्वाधिक प्रदूषित शहर ठरले. त्या वर्षी तेथील हवेतील पीएम २.५ या सूक्ष्मकणांचे सरासरी प्रमाण घनमीटरला ११०.२ मायक्रोग्रॅम होते. गाझियाबादचा क्रमांक त्याच्या खालोखाल होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस वर्षाला सरासरी ५ मायक्रोग्रॅमची आहे.

या आकड्याचे मूळ प्रामुख्याने भूरचनेत आहे. तारीम खोऱ्याच्या उत्तरेला तिएनशान, पश्चिमेला पामीर आणि दक्षिणेला कुनलुन पर्वत आहे. मोकळी बाजू तेवढी पूर्वेची. खोऱ्याचा मध्यभाग सुमारे ३.३ लाख चौ. किमी. पसरलेल्या तकलामाकान वाळवंटाने व्यापला असून खोतान त्याच्या दक्षिण काठावर, कुनलुनच्या पायथ्याशी आहे. कुनलुनवरून येणाऱ्या नद्या शतकानुशतके बारीक गाळ आणून टाकत आल्यामुळे येथील माती हलक्या वाऱ्यानेही उडते. वार्षिक पर्जन्य ५० मिमी.हून कमी असल्याने ही धूळ पावसाने धुऊन निघत नाही.

वसंत ऋतू, विशेषतः एप्रिल-मे, हा सर्वांत कठीण काळ. जमीन झपाट्याने तापू लागते, नद्यांची पात्रे कोरडी असतात आणि उत्तरेकडून येणारी थंड हवा तिएनशान ओलांडून किंवा त्याला पूर्वेकडून वळसा घालून खोऱ्यात घुसते. तिने उचललेली धूळ दक्षिणेला कुनलुनच्या भिंतीशी येऊन अडते. वादळ शमल्यावर जड वाळू खाली बसते, पण बारीक कण वारा नसतानाही अनेक दिवस तरंगत राहतात. चिनी हवामानशास्त्रात या स्थितीची ‘तरंगती धूळ’ अशी स्वतंत्र नोंद घेतली जाते, आणि वादळापेक्षा तीच खोतानकरांच्या रोजच्या जगण्याला अधिक व्यापून असते. खोतानचा माणूस दिवसाला अर्धा जिन (पाव किलो) माती खातो, दिवसा कमी पडली तर रात्री भर घालतो, असे एक लोकप्रचलित चिनी पद्य सांगते.

उन्हाळ्यात हिम व हिमनद्या वितळून नद्यांना पाणी येते. तापलेल्या वाळवंटावरील हवेचे मिश्रण कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत होत असल्याने धूळ विरळ होते, मात्र ती उंचावर जाऊन पश्चिमी वाऱ्यांत सापडते. मे २००७ मधील तकलामाकानच्या धुळीने सुमारे १३ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केल्याचे उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दिसून आले आहे. शरद ऋतूत वादळे कमी होतात.

हिवाळ्यात चित्र पालटते. थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो (तापमानाची विपरीतता) आणि घरे उबदार ठेवण्यासाठी जाळलेल्या कोळशाचा धूर जमिनीलगत कोंडला जातो. जाड धूळ कमी झालेली असते, पण धुरातील सूक्ष्मकणांचा वाटा वाढतो.

म्हणून केवळ वार्षिक सरासरीवरून खोतानची तुलना धुराने ग्रासलेल्या शहरांशी करणे योग्य नाही. चीनमध्येही शहरांच्या हवेचे मूल्यमापन करताना धूळवादळांचा प्रभाव वगळण्याचे नियम आहेत. अर्थात, धूळ निसर्गनिर्मित असली तरी ती फुप्फुसांना निरुपद्रवी नसते. आकडेवारीतून वगळलेल्या दिवसांतही रहिवासी तीच हवा श्वासात घेतात.

उपायही दोन दिशांनी करावे लागतात. कोळशाऐवजी वीज व नैसर्गिक वायूचा वापर वाढवल्यास हिवाळ्यातील धूर घटतो. धुळीसाठी वाळवंटाच्या कडेने झाडे-झुडपांचे पट्टे उभारण्यात आले असून, तकलामाकानला वेढणारा ३,०४६ किमी. लांबीचा पट्टा नोव्हेंबर २०२४ मध्ये खोतान विभागातच पूर्ण झाला. असे पट्टे शेते, रस्ते व लोहमार्ग यांच्याजवळची सरकती वाळू अडवतात. दुरून उंचावरून येणाऱ्या बारीक धुळीवर मात्र त्यांचा प्रभाव मर्यादित असतो.