प्रौढ उत्पादनांची किरकोळ विक्री (मुंबई)

लैंगिक सुखाची साधने, वंगणाचे जेल, अंतर्वस्त्रे, कंडोम असा माल एकत्र विकणारा व्यापार. जर्मनीत बेआटे ऊझे यांनी १९६२ मध्ये फ्लेन्सबुर्गला असे दुकान उघडले; त्यातून उभी राहिलेली साखळी १९९९ मध्ये शेअर बाजारात आली आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. मुंबईत उघड पाटी लावून हा धंदा वाढला नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास तो आडून चालला आणि गेल्या दशकात संकेतस्थळांवर पसरला.

याचे कारण कायद्यात आहे. साधनाची विक्री नावानिशी कुठेच गुन्हा नाही. गुन्हा आहे तो 'अश्लील वस्तू' विकण्याचा वा मांडण्याचा. पूर्वीचे दंडसंहितेतील कलम २९२ आता भारतीय न्याय संहितेत २९४ झाले आहे. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद व ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पाच वर्षे व १०,००० रुपये. अश्लील कशाला म्हणायचे, हे कलम पुरेसे स्पष्ट करत नाही. मुंबईच्याच एका पुस्तकविक्रेत्याच्या, रणजित उदेशींच्या १९६४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुना इंग्रजी निकष उचलला: मजकूर वाचणाऱ्याचे मन बिघडवू शकतो का. २०१४ मध्ये तो सोडून समकालीन समाजमान्यतेचा निकष धरला. म्हणून विक्रेते खोक्यावर नग्न चित्र छापत नाहीत, हुबेहूब अवयवाच्या आकाराचा माल टाळतात, बिलावर 'मसाजर' लिहितात आणि पार्सल साध्या खोक्यातून पाठवतात. दुकान उघडले की अडचण शेजारून येते: गोव्यात कळंगुटला २०२१ मध्ये उघडलेले दुकान पंचायतीच्या हरकतीनंतर महिन्याभरात बंद झाले.

आयातीत खरी कसोटी लागते. १९६४ च्या सीमाशुल्क अधिसूचनेने अश्लील वस्तू आणण्यास बंदी आहे. तिचाच आधार घेऊन बॉडी मसाजरचा माल जप्त झाला. मसाजरचा वापर लैंगिक सुखासाठीही होऊ शकतो, एवढा तर्क जप्तीला पुरेसा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ठरवले. हा निकाल योग्यच होता.

वादात मालाचा दर्जा मात्र विसरला जातो, आणि ग्राहकाचे नुकसान तिथेच होते. स्वस्त 'जेली' माल बहुधा मऊ केलेल्या पीव्हीसी प्लास्टिकचा असतो. त्यात थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) असू शकतात, आणि सच्छिद्रपणामुळे तो नीट निर्जंतुक होत नाही. सिलिकॉन टिकते, पण सिलिकॉनयुक्त जेलने त्याचा पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. त्यावर पाण्यावर आधारित जेल वापरावे. तेलाने लेटेक्स कंडोम फाटतो. रुंद बूड नसलेले साधन गुदमार्गात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. या साधनांसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आले. लपूनछपून घेतलेल्या मालाबाबत ग्राहक तक्रार करायला कचरतो, त्यामुळे बिल देणारा आणि सामग्रीचे नाव छापणारा विक्रेता निवडणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.