लहान होतं, विसरलं असेल?

"लहान पोरांना काय कळतंय, विसरून जातात" हे वाक्य ऐकलं की मला राजस्थानातली देवली आठवते. वर्ध्याजवळची देवळी नाही, टोंक जिल्ह्यातली, जिथल्या छावणीत ब्रिटिशांनी आपल्या कम्युनिस्ट पुढारी डांग्यांना पण ठेवलं होतं. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध चालू असताना आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडच्या भारतीय चिनी कुटुंबांना उचलून रेल्वेने अनेक दिवसांचा प्रवास करवून तिथे आणलं, साधारण ३००० माणसं, त्यात शाळकरी पोरं आणि तान्ही बाळंसुद्धा. गुन्हा काय, तर आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणीतरी एकजण चीनचा नागरिक असणं, कायद्यातच तसं लिहिलं होतं.

आता पोर असं घाबरलं की शरीरात काय होतं ते बघा, मला हे प्रचंड आवडतं. भीती वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप देतो, ती किडनीवरच्या अॅड्रिनल ग्रंथीला, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन येतं. हेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या रेणूला, चिकटतं आणि सांगतं, बास, आता बंद करा. गीझरचा थर्मोस्टॅट कसा पाणी तापलं की कट होतो, अगदी तसंच. पण रिसेप्टर कमी असतील तर हा कट उशिरा होतो.

मग रिसेप्टर किती हे कशावर ठरतं? मॉन्ट्रियलच्या मायकेल मीनी यांच्या टीमने उंदरांवर बघितलं की ज्या पिल्लांना आई जास्त चाटते त्यांच्यात हे रिसेप्टर जास्त, आणि कमी चाटलेल्यांच्यात रिसेप्टरच्या जीनवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक टॅग जास्त बसतात म्हणून तो जीन कमी चालतो. सगळ्यात भारी म्हणजे कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जास्त चाटणाऱ्या आईकडे वाढवली तर ती शांत होतात! म्हणजे रक्ताचा संबंध नाही, सांभाळण्याचा आहे. त्यामुळे "सात पिढ्यांचा ट्रॉमा डीएनएमधून काढतो" म्हणत हजारो रुपये घेणारी शिबिरं आणि पितृदोषवाले, दोघांपासून लांब राहा. माणूस म्हणजे उंदीर नाही हे खरंच, पण आई जवळ असली की आपल्या बाळांचं कॉर्टिसॉलही कमी चढतं, हे मोजलेलं आहे.

देवलीत आई जवळ होती, पण ती स्वतःच पहाऱ्यात आणि घाबरलेली. काहींना १९६७ पर्यंत ठेवलं, बऱ्याच जणांना जहाजाने चीनला पाठवलं, म्हणजे त्यांच्यातल्या अनेक पोरांनी जो कधी बघितलाच नव्हता त्या देशात. जी घरी परतली त्यांच्यातल्या कितीतरी जणांची घरंदारं लिलावात गेलेली होती, आणि मोठ्यांना सुटल्यावरही पोलिसांकडे हजेरी लावायला जावं लागायचं.