ऑगमेंटेड रिॲलिटी आणि ऑनलाइन शिक्षण : विद्यार्थ्यांची स्वीकारतयारी (सोलापूर)

ऑनलाइन शिक्षणात ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर) वापरायला विद्यापीठीय विद्यार्थी कितपत राजी असतात, याचा अभ्यास. एआरमध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या जागेवर त्रिमितीय प्रतिमा बसते. टेबलावर धडधडणारे हृदय ठेवून त्याभोवती फिरता येते. खरे-आभासी यांची सांगड, तत्क्षणी प्रतिसाद आणि प्रतिमेची त्रिमितीत अचूक बैठक ही तिची तीन लक्षणे संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये नोंदवली.

तयारी मोजण्यासाठी बहुधा फ्रेड डेव्हिस यांचे तंत्रज्ञान स्वीकार प्रतिमान (१९८९) वापरतात. त्यात प्रश्न दोनच : उपयोग होईल का आणि वापरायला सोपे जाईल का? विश्वनाथ वेंकटेश व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यांच्या जोडीला भोवतालच्या लोकांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी हे घटक मांडले. २०१२ मध्ये मजा, किंमत व सवय यांचीही भर पडली.

सोलापुरात कळीचा घटक सोयींचाच मानावा लागतो. २००४ मध्ये स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचे असले, तरी ते करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पसरले आहे. एआरला कॅमेरा, हालचाल टिपणारे सेन्सर आणि बऱ्यापैकी प्रोसेसर लागतो. एआर चालवणारी गूगलची एआरकोर प्रणाली सगळ्याच अँड्रॉइड फोनवर चालते असे नाही. फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. कोऱ्या पांढऱ्या फरशीवर कॅमेऱ्याला खुणा सापडत नाहीत आणि प्रतिमा सरकत राहते. तिथे नक्षीची सोलापुरी चादर अंथरली तर काम लवकर जमते. अर्थात, ही युक्ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

विद्यार्थी एआरला बिचकतात यामागे नवेपणाची भीती हे कारण मात्र इथे फारसे पटत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पुस्तकावर मोबाइल धरून शिकणे या जिल्ह्याला परके नाही.

उपयुक्ततेची कसोटी विषयागणिक बदलते. शरीररचनाशास्त्र किंवा यंत्र अभियांत्रिकीत त्रिमितीय प्रतिमेचा फायदा उघड आहे. वाणिज्य शाखेत तो ओढूनताणून दाखवावा लागतो. शिवाय ‘हे परीक्षेला येणार का?’ हा प्रश्न असतोच, कारण आकृती शेवटी उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीनेच काढायची असते.

अशा पाहण्यांतून बहुतेकदा इरादा मोजला जातो, वापर नव्हे. प्रात्यक्षिक पाहून लगेच भरलेल्या प्रश्नावलीत नवलाईचा वाटा मोठा असतो. सत्र संपताना तेच ॲप फोनमध्ये उरले आहे का, हे क्वचितच तपासले जाते.