नवा गेम, जुना पीसी: ग्राफिक कार्ड घेण्याआधी हे वाचा

नवीन मोठा गेम आला की पुढचे काही दिवस आमचा फोन सतत वाजतो आणि प्रश्न दोनच असतात. "माझ्या पीसीवर चालेल का?" आणि "कुठलं कार्ड टाकू?" फोनवर आम्ही यातल्या एकाचंही ठाम उत्तर देत नाही, म्हणून काही ग्राहक नाराज होतात. आम्ही उत्तर का देत नाही आणि तुमचा वेळ नेमका कुठे वाया जातो, हे एकदा लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक काढलंय. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड म्हणजे काय हे इथे समजावलेलं नाही. तेवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरलंय.

आधी मॉनिटर सांगा, मग कार्ड विचारा

गेमसोबत 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' असा तक्ता येतो. बहुतेक जण त्यातलं कार्डाचं नाव वाचतात आणि थांबतात. कामाचं असतं ते त्याच्या आसपास बारीक अक्षरांत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'चं बघा. त्यात 'मिनिमम' म्हणजे १०८०पी ला (स्क्रीनवर १९२० बाय १०८० ठिपके) सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं, तेही ७२०पी वर काढलेलं चित्र मोठं करून. 'रेकमेंडेड' म्हणजे १०८०पी ला मीडियम सेटिंगवर ६० फ्रेम, आणि त्यासुद्धा फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे त्या साठातल्या बऱ्याच फ्रेम कार्डाने मधल्या मध्ये अंदाजाने भरलेल्या असतात. तक्ता खोटा नाही, पण तो ज्या मॉनिटरसाठी लिहिलाय तो तुमचा आहे का, ते पाहावं लागतं.

१०८०पी च्या स्क्रीनवर साधारण २० लाख ७० हजार पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६ लाख ८६ हजार, आणि ४के वर बरोबर १०८०पी च्या चौपट. त्यामुळे तेच कार्ड एकाकडे मजेत चालतं आणि दुसऱ्याकडे धापा टाकतं. आमच्याकडे आल्यावर पहिला प्रश्न मॉनिटरचा असतो, बजेटचा दुसरा.

काही गेम तर तडजोडच करत नाहीत. डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' या दोन्हींना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश कसा पडतो-परततो याचं गणित करणारी सोय) असलेलंच कार्ड लागतं. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय आजही ताकदवान आहे, त्यात ११ जीबी मेमरी आहे, पण रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही. सेटिंग कितीही कमी करा, उपयोग नाही. उलट प्रकारही घडतो. 'बॅटलफील्ड ६' ला सिक्युअर बूट (मशीन फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच सुरू होऊ देणारी सोय) चालू लागतो. तो बंद असला तर गेम नकार देतो आणि लोकांना वाटतं मशीन जुनं झालं. तिथे बहुतेक वेळा काहीच विकत घ्यावं लागत नाही. बायोसमधली (मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली) सेटिंग बदलायची, आणि विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेली असेल तर डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटी पद्धतीवर न्यायची. हे दुसरं काम मात्र डेटाची कॉपी काढल्याशिवाय घरी करू नका.

एक सोपी युक्ती अशी, की काहीही घेण्याआधी गेम जुन्याच मशीनवर चालवून बघा. काही गेम स्वतःचा फुकट बेंचमार्क (मशीनवर गेम कसा चालेल ते मोजणारी चाचणी) देतात. वर सांगितलेल्या 'वाइल्ड्स'चा आहे, 'ब्लॅक मिथ: वुकाँग'चाही आहे. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. पहिल्यांदा सुरू करताना गेममध्ये शेडर (चित्र रंगवण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात, तो वेळही त्या २ तासांत जातो, एवढं लक्षात ठेवा. या चाचणीत गेम बरा चालला तर आमच्याकडे यायची गरजच नाही.

सगळा घोळ होतो तो एसएमपीएसपाशी

आता मूळ मुद्दा. ग्राहक कार्डाचे पंधरा व्हिडिओ बघून येतात, पण त्या कार्डाला वीज देणाऱ्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, बघत नाहीत. आमच्याकडे 'नवीन कार्ड टाकलं आणि पीसी बिघडला' म्हणून जी मशीन येतात, त्यांत सर्वांत जास्त भरणा याच चुकीचा असतो.

तक्रार ठरलेली असते. गेम सुरू होतो, मेन्यू व्यवस्थित, फिरणं-हिंडणं व्यवस्थित. मोठी लढाई सुरू झाली की स्क्रीन काळी आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. मग ड्रायव्हर बदलून होतो, विंडोज नव्याने टाकून होते, कार्ड खराब आहे म्हणून विकणाऱ्याशी भांडण होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि इंटरनेटवर त्याचे शंभर अर्थ सापडतात. त्या नोंदीचा अर्थ फक्त एवढाच, की विंडोज नीट बंद व्हायच्या आत मशीन बंद पडलं. कारण ती सांगत नाही.

असंच एक मशीन आमच्या टेबलावर आलं होतं. बाजूचं झाकण काढलं तर आत आरटीएक्स ३०६०, नवंकोरं. एसएमपीएसवर मोठ्या लाल आकड्यात ५००. त्याखालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार करा: २१६ वॉट. कार्ड एकटं १७० वॉटचं, वर प्रोसेसर, पंखे, डिस्क. बरं, त्या एसएमपीएसला कार्डाची ८ पिनांची वायर नव्हतीच. जुन्या हार्ड डिस्कच्या दोन मोलेक्स पिना जोडून अॅडॉप्टर लावलेला होता, आणि त्याचं पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी पडलेलं होतं. ग्राहकाला आम्ही ते हातात दिलं. पुढे काही समजवावं लागलं नाही.

डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, १२ व्होल्टचा रकाना वाचा. गेमिंग मशीनमधली जवळजवळ सगळी वीज कार्ड आणि प्रोसेसर खातात, आणि दोघेही १२ व्होल्टवर चालतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टची वॉटेज एकूण आकड्याच्या जवळपास असते. स्वस्त डब्यात ती निम्म्यावरही असते, बाकीचं ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून आकडा फुगवलेला असतो. शिवाय कार्ड सरासरी १७० वॉट घेत असलं तरी काही मिलिसेकंदांपुरती त्याची मागणी त्याहून बरीच वर उडी मारते. ऐन लढाईत मशीन बंद पडतं ते म्हणूनच. तेव्हाच कार्डावर भार येतो आणि एसएमपीएसचं संरक्षण वीज तोडतं.

घरच्या घरी शंका तपासायची असेल तर गेममध्ये फ्रेमची मर्यादा ३० वर आणा, किंवा कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर ठेवा. रीस्टार्ट थांबले तर बहुधा एसएमपीएसच. विंडोज पुन्हा टाकण्यापेक्षा हे दोन मिनिटांत होतं.

वायरींबद्दल आम्ही जरा कडक आहोत. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, ६ पिनांची वायर आणखी ७५, ८ पिनांची १५०. सॅटा पिनेची (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारी) १२ व्होल्टवरची क्षमता ५४ वॉट. म्हणजे सॅटावरून ६ पिनांचा अॅडॉप्टर लावला तर पिनेकडून तिच्या क्षमतेबाहेरची वीज मागितली जाऊ शकते, आणि प्लास्टिक वितळतं. असा अॅडॉप्टर लावून द्या म्हणालात तर आम्ही नाही म्हणणार, मग तुम्ही कितीही जुने ग्राहक असा. तसंच एका मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातली पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. केबल छान बसते, बटण दाबलं की एसएसडी जाते, आणि डेटासुद्धा.

ऑफिसमधून निघालेले तयार ब्रँडेड डेस्कटॉप घेऊन बरेच जण येतात. त्यात एसएमपीएस लहान असतो, कार्डासाठी वायर नसते, आणि अनेकदा प्लगही कंपनीचा खास असल्याने बाजारातला एसएमपीएस बसत नाही. अशा मशीनसाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल हा प्रामाणिक पर्याय आहे: ७० वॉटचं, स्लॉटवरच चालतं, वेगळी वायर लागत नाही. त्याच नावाचं ८ जीबी मॉडेलही आहे, त्याला वायर लागते. खोक्यावरचा आकडा नीट बघून घ्या.

बाकीचं थोडक्यात

कार्ड बदलूनही फ्रेम वाढत नसतील तर प्रोसेसर अडवतोय का ते बघा. गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली, ७२०पी वर आणा. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत तर कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर दमलाय. अशा वेळी आम्ही महागडं कार्ड विकत नाही, विकून फायदा नसतो. तुम्ही आठवड्याने परत येणारच. एएमडीचा एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड असेल तर नशीब चांगलं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सॉकेटवर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकतो, बोर्डासाठी तसा बायोस निघालेला असला तर. बायोस जुना प्रोसेसर काढायच्या आधी अपडेट करायचा, नंतर नाही. इंटेलमध्ये मात्र सॉकेटच्या नावावर जाऊ नका: ११५१ नाव तेच, पण २०१७ चे आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याआधीच्या बोर्डांवर चालत नाहीत.

रॅम १६ जीबी ही आता पायरी समजा, आणि ती एका कांडीत घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू केलं नाही तर महागडी रॅमही सुरुवातीच्या कमी वेगावरच धावत राहते. हे आम्ही बसवताना करून देतो, बाहेर अनेकदा राहून जातं. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका. गेम हार्ड डिस्कवर ठेवायचे दिवस गेले. २०२३ च्या 'स्टारफील्ड'ने थेट एसएसडीच मागितली, आणि 'सायबरपंक २०७७' नेही त्याच वर्षी हार्ड डिस्कला आपल्या तक्त्यातून काढलं.

कार्डाची लांबी कॅबिनेटच्या आतल्या जागेशी मोजून बघा, पुढचे पंखे धरून. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डातच लावा, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नाही. हसू नका, 'नवीन कार्डाने काहीच फरक पडला नाही' या तक्रारीमागे अधूनमधून हेच निघतं. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही १४४ निवडावं लागतं.

लॅपटॉपचं कार्ड सहसा बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बदलता येते, तीही सगळ्यांत नाही.

पूर्ण मशीन आणा, असं आम्ही का म्हणतो

नुसतं कार्ड हातात घेऊन येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, हे खरं आहे. कारण कार्ड चालू आहे एवढंच आम्हाला सांगता येतं. ते तुमच्या मशीनमध्ये दोन तास गेम खेळताना टिकेल का, हे त्या मशीनशिवाय कळत नाही. तपासणीचे आम्ही पैसे घेतो. त्यात झाकण उघडून एसएमपीएस, वायरी, जागा, बायोस बघतो, तुमच्याच गेमवर भार टाकून तापमान बघतो, आणि काय बदलायचं आणि काय नाही ते कागदावर लिहून देतो. तो कागद घेऊन तुम्ही सामान कुठूनही घ्या. आमच्याकडून घेतलंत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते.

ऑनलाइन घेतलेलं कार्डही बसवून देतो. त्याची वॉरंटी मात्र ज्याने विकलं त्याच्याकडे. आमची हमी बसवण्याच्या कामाची. जुनं कार्ड चालू स्थितीत असेल तर अदलाबदलीत घेतो, खोकं आणि बिल असेल तर किंमत बरी लावतो.

यायच्या आधी झाकण उघडून दोन फोटो पाठवलेत तर तुमची एक फेरी वाचेल: एक एसएमपीएसच्या लेबलचा, आकडे वाचता येतील असा, आणि एक संपूर्ण आतल्या भागाचा. मशीन बंद करून, प्लग काढून मगच झाकणाला हात लावा. सोबत मॉनिटरचं मॉडेल आणि गेमचं नाव कळवा. मशीन आणताना कीबोर्ड, माउस, मॉनिटर नको, ते आमच्याकडे आहे. एसएमपीएस मॉड्युलर असेल तर त्याच्या उरलेल्या केबलींची पिशवी मात्र शोधून आणा. विंडोजचा पिन लिहून द्या, आणि गेम घरीच डाउनलोड करून ठेवा. शंभर जीबी आमच्याकडे उतरवत बसलो तर मशीन त्या दिवशी परत मिळणार नाही.