चार मते आणि चार पसंती

महापालिकेचा प्रभाग आणि विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ या दोन्ही ठिकाणी मतदार एकाहून अधिक नावे निवडू शकतो, आणि म्हणूनच या दोन पद्धतींची हमखास गल्लत होते.

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई वगळता राज्यातील महापालिकांच्या निवडणुका बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने झाल्या. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क आणि ड या चार स्वतंत्र निवडणुका एकाच खोलीत, एकाच वेळी होतात. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे असतात आणि 'नोटा'चे बटणही वेगळे असते. चारही मतांचे वजन सारखेच असते. 'अ'चे बटण आधी दाबले म्हणून ती पहिली पसंती ठरत नाही. चारही मते एकाच उमेदवाराला देता येत नाहीत, तशीच ती एकाच पक्षाला देण्याची सक्तीही नसते.

पदवीधर मतदारसंघात मात्र जागा एक आणि मतही एकच असते. कागदी मतपत्रिकेवर, केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच, नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. वैध मते १०,००० असतील तर विजयासाठी ५,००१ मतांचा कोटा लागतो. तो कोणी गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. दुसरी पसंती दिल्याने पहिल्या उमेदवाराचे नुकसान होते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत त्या मतपत्रिकेवरील '२' हा आकडा मोजलाच जात नाही. पहिली पसंती अनिवार्य असते, पुढच्या ऐच्छिक. पण त्या कोऱ्या ठेवल्या आणि आपला उमेदवार बाद झाला, तर पुढच्या फेऱ्यांत आपले मत उरत नाही. दोन नावांपुढे '१' लिहिणे, 'एक' असे अक्षरी लिहिणे, बरोबरची खूण करणे किंवा सही करणे यांमुळे मत बाद होते. सुशिक्षितांच्या या मतदारसंघात अशा चुका व्हाव्यात, याचे वाईट वाटते.

प्रभागातून निवडून आलेले नगरसेवक पुढे विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात मतदान करतात, तेव्हा त्यांनाही नावांपुढे पसंतीचे आकडेच लिहावे लागतात.