टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंटची मुदतवाढ आणि बजेट

टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट हे टेक्सास राज्याचं खातं स्टेट पार्क, शिकार, मासेमारी, बोटी आणि वन्यजीव हे सगळं एकाच छपराखाली बघतं, पण ते कायमचं खातं नाहीये, ते कधी संपणार ती तारीख कायद्यातच लिहून ठेवलेली आहे. तारीख यायच्या आधी विधिमंडळानं नवं बिल पास करून मुदत वाढवली नाही तर खातं बंद होतं. सध्याची तारीख आहे १ सप्टेंबर २०३३. या मुदतवाढीचा राज्याच्या बजेटवर काय परिणाम होतो हे बघायला गेलं तर सरकारी कागदावर बहुतेक वेळा "फारसा परिणाम नाही" एवढंच सापडतं, आणि तिथंच लोकांचा गैरसमज होतो, कारण खरा पैसा मुदतवाढीनं मिळत नसतो तर मुदतवाढ हुकली की जात असतो.

खात्याचा जन्म १९६३ चा. तेव्हाचे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या काळात स्टेट पार्क्स बोर्ड आणि गेम अँड फिश कमिशन ही दोन वेगळी खाती एकत्र केली. पार्क बोर्ड त्याच्याही आधीचं, १९२३ चं. वर नऊ जणांचं कमिशन असतं, ते गव्हर्नर नेमतो, सहा वर्षांसाठी.

मुदतीची पद्धत आली १९७७ च्या सनसेट कायद्यानं. नाव अगदी सरळ आहे, सूर्य मावळतो तसं खातंही मावळणार, पुन्हा उगवायचं तर विधिमंडळानं तसं ठरवायला हवं. यासाठी सनसेट अॅडव्हायझरी कमिशन असतं, १२ जणांचं, ५ सिनेटर, ५ प्रतिनिधी आणि २ सामान्य नागरिक. साधारण १२ वर्षांनी एकेका खात्याची पाळी येते, कमिशनचा स्टाफ महिनोन् महिने खात्याचे कागद उलथेपालथे करतो, मग रिपोर्ट, मग सुनावणी आणि शेवटी बिल. पार्क्स अँड वाइल्डलाइफला अशी मुदतवाढ २००१ मध्ये मिळाली, २००९ मध्ये मिळाली आणि २०२१ मध्ये सिनेट बिल ७०० नं मिळाली, तीच आता २०३३ पर्यंत चालेल.

कागदावर खर्च का दिसत नाही

टेक्सासमध्ये प्रत्येक बिलाला लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्ड एक फिस्कल नोट जोडतं, म्हणजे हे बिल पास झालं तर राज्याचा खर्च किती वाढेल, उत्पन्न किती घटेल याचा अंदाज. ही नोट फक्त बदल मोजते. जे आज चाललंय तेच उद्या चालणार असेल तर बदल शून्य, मग मुदतवाढीच्या कलमासमोर आकडाच येत नाही, आकडा आला तर तो एखादी फी वाढवली, एखादा परवाना काढून टाकला असल्या बारीकसारीक सुधारणांचा असतो. सनसेटच्या रिपोर्टमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं, की खातं चालू ठेवलं तर त्याची सध्याची वार्षिक तरतूद पुढेही लागेल. ते वाक्य लोक वाचतच नाहीत, पण माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधलं बजेटबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे.

दुसरं कारण राज्यघटनेत आहे. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षाच्या जानेवारीत १४० दिवसांसाठी बसतं आणि दोन वर्षांपेक्षा लांबची पैशाची मंजुरी देताच येत नाही. त्यामुळे मुदतवाढ १२ वर्षांची असली तरी त्यात एक डॉलरसुद्धा नसतो, तो फक्त खातं म्हणून उभं राहायचा हक्क, पैसे दर दोन वर्षांनी वेगळे मागावेच लागतात. पेपरात "खात्याला १२ वर्षांची मंजुरी" असं वाचून पार्कची चिंता मिटली असं वाटतं, तसं काही नसतं.

मुदतवाढ झाली नाही तर

इथे खरा मुद्दा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. मुदत संपली की खात्याला आवराआवर करायला एक वर्ष मिळतं. त्यानंतर सनसेट कायद्याप्रमाणे खात्याच्या राखीव फंडातला पैसा राज्याच्या जनरल रेव्हेन्यूत, म्हणजे सर्वसाधारण तिजोरीत, जातो आणि तो पैसा अमुक कामासाठीच वापरायचा असं सांगणारं कलम रद्द होतं. बाँडचं कर्ज मात्र खातं बंद झालं म्हणून माफ होत नाही, ते फेडावंच लागतं.

आता हे राखीव फंड म्हणजे काय? मोठे दोन. अकाउंट ९ मध्ये शिकार आणि मासेमारीच्या लायसन्सचे, बोटींच्या रजिस्ट्रेशनचे पैसे येतात, आणि अकाउंट ६४ मध्ये पार्कच्या गेटवरचे. म्हणजे नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस ६८ डॉलरचं सुपर कॉम्बो, म्हणजे शिकार आणि मासेमारी दोन्हींचं, लायसन्स काढतो तेव्हा ते पैसे त्याच्या समजुतीप्रमाणे हरणांसाठी, तळ्यांसाठी, शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या गेम वॉर्डनच्या पगारासाठी असतात. खातं गेलं तर तेच पैसे राज्याच्या मोठ्या हौदात.

आणि एवढ्यावर थांबत नाही. १९३७ च्या पिटमन रॉबर्टसन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवर, १९५० च्या डिंगल जॉन्सन कायद्यानं मासेमारीच्या सामानावर केंद्राचा कर आहे, तो राज्यांना वाटला जातो, साधारण ७५ टक्के केंद्र आणि २५ टक्के राज्य या हिशोबानं. कोणत्याही राज्याला एकूण वाटपाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि टेक्सास एवढं मोठं, लायसन्सवालेही एवढे, की ते त्या वरच्या टोकाला असतं. पण अट एकच आणि कडक, लायसन्सचा पैसा राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याच्या ताब्यातच राहिला पाहिजे, दुसरीकडे वळवला तर केंद्राचा पैसा मिळायची पात्रता जाते. म्हणजे अकाउंट ९ जनरल रेव्हेन्यूत गेलं की राज्याच्या हाती एकदाच थोडा पैसा लागणार आणि त्याच्या बदल्यात दरवर्षी येणारी केंद्राची रक्कम धोक्यात येणार. फिस्कल नोटमधल्या कोऱ्या रकान्यामागे हा सगळा हिशोब असतो.

असं कधी होणार नाही, विधिमंडळ एवढं बेजबाबदार नाही, असं म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ मध्ये प्लंबरना लायसन्स देणाऱ्या टेक्सासच्या प्लंबिंग बोर्डाचं बिल अधिवेशनाच्या शेवटी अडकलं आणि मुदतवाढ राहूनच गेली, शेवटी गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी हार्वे वादळाच्या आपत्तीचे अधिकार वापरून आदेश काढला आणि बोर्ड वाचवलं. बोर्ड कुणालाच बंद करायचं नव्हतं असं नाही, पण घोळ झाला तो मुख्यतः काम दुसऱ्या खात्याकडे द्यायचं की नाही या भांडणात.

पैसा खरा कुठून ठरतो

पार्कच्या पैशाची लढाई सनसेटच्या बाहेर झाली. १९७१ पासून सिगारेटच्या पाकिटामागे एक सेंट पार्कसाठी बाजूला काढत होते. १९९३ मध्ये त्याऐवजी खेळाच्या सामानावरच्या विक्रीकराचा हिस्सा द्यायचं ठरलं. हा नवा कर नव्हे, नेहमीचा ६.२५ टक्के राज्य विक्रीकरच, त्यातला तंबू, गळ, सायकली, बंदुका यांवरचा भाग किती असेल याचा कॉम्प्ट्रोलर, म्हणजे राज्याचा मुख्य हिशोब अधिकारी, अंदाज बांधतो. सुरुवातीला वर्षाला ३.२ कोटी डॉलरची मर्यादा होती, २००७ मध्ये ती उठवली, तरी विधिमंडळ दर वेळी पूर्ण रक्कम देत नव्हतं, बाकीची बजेट जुळवायला वापरली जायची. कायद्यात हिस्सा लिहिलेला, खात्याला मुदतवाढही मिळालेली, आणि पार्कमध्ये मात्र गळकी छपरं आणि जुने पाइप. मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे की लोकांना वाटत राहिलं आपण भरलेला कर पार्कला जातोय.

२०११ मध्ये हे उघडं पडलं. त्या वर्षी भीषण दुष्काळ, वरून बजेटमध्ये कपात, आणि सप्टेंबरात बास्ट्रॉप स्टेट पार्क जवळपास सगळं, ९६ टक्के, जळालं. लॉस्ट पाइन्स म्हणतात ती पाइनची झाडं काळे खांब होऊन उभी राहिली, १९३० च्या दशकात बांधलेल्या दगडी लाकडी केबिन तेवढ्या अग्निशमनवाल्यांनी वाचवल्या. उन्हामुळे आणि आगीमुळे लोक फिरकले नाहीत, गेटचे पैसे आटले आणि डिसेंबरात खात्याला लोकांकडे ४६ लाख डॉलरच्या देणग्या मागायची वेळ आली. त्यावेळी त्याची मुदत २०२१ पर्यंत होती, पण तिजोरी भरायला तिचा काही उपयोग नव्हता.

शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रपोझिशन ५ हा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि जवळपास ८८ टक्के लोकांनी हो म्हटलं. आता हा हिस्सा घटनेनंच बांधलाय, वाटणी कायद्याप्रमाणे ९३ टक्के पार्क्स अँड वाइल्डलाइफला, ७ टक्के ऐतिहासिक स्थळं बघणाऱ्या हिस्टॉरिकल कमिशनला, कमी करायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि तरी निम्म्याखाली नेता येत नाही. २०२३ मध्ये, स्टेट पार्कांच्या शंभराव्या वर्षी, प्रपोझिशन १४ नं नवी पार्क जमीन घेण्यासाठी १०० कोटी डॉलरचा फंडही झाला. टेक्सासची जवळपास ९५ टक्के जमीन खासगी आहे, त्यामुळे जमीन घेण्याचा पैसा इथे फार मोलाचा. त्याच वर्षी फेअरफिल्ड लेक हे भाड्याच्या जागेवरचं जुनं पार्क जागा विकली गेल्यानं राज्याच्या हातून गेलं.

ह्यूस्टनच्या मराठी घरांतून रविवारी ब्राझोस बेंड स्टेट पार्कला मगरी बघायला जातात, तिथे १३ वर्षांवरच्या प्रत्येकाचे ७ डॉलर आणि बारापर्यंतच्या पोरांना फुकट, ते ७ डॉलर अकाउंट ६४ मध्ये जातात. पुढच्या सनसेटची सुरुवात २०३१ मध्ये होईल, त्या वर्षी १ सप्टेंबरपर्यंत खात्याला स्वतःचा मूल्यमापन रिपोर्ट कमिशनला द्यावा लागेल आणि त्यानंतर राजधानी ऑस्टिनला सुनावणी होईल, तिथे गेटवर पैसे भरणाऱ्या कुणालाही उभं राहून बोलता येतं.