स्कंक, कुत्रा आणि खायचा सोडा

न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोच्या उपनगरांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला शाळा, कर आणि बर्फ यांबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. स्कंकबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. मांजराएवढा, काळाभोर, डोक्यापासून निघून पाठीवरून शेपटीकडे जाणारे दोन पांढरे पट्टे मिरवणारा हा प्राणी मूळचा अमेरिकेतलाच. आपल्याकडे तो नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. घरात शिरलेली चिचुंद्री जो उग्र दर्प मागे ठेवून जाते, त्यावरून स्कंकचा अंदाज बांधायला गेल्यास तो फारच तोकडा पडतो.

प्रसंग बहुतेक घरांत एकाच प्रकारे घडतो. रात्री झोपण्यापूर्वी कुत्र्याला मागच्या अंगणात सोडलेले असते. झुडपापाशी दोन-तीनदा भुंकणे ऐकू येते, मग एकदम शांतता, आणि पाठोपाठ कुत्रा शिंकत, लाळ गाळत, तोंड गवतावर घासत दाराकडे धाव घेतो. दार उघडणाऱ्याला हा स्कंकचा वास आहे हे पहिल्या क्षणी कळतेच असे नाही, कारण रस्त्यावरून जाताना लांबून येणारा स्कंकचा वास वेगळा आणि हातभर अंतरावरचा ताजा फवारा वेगळा; जवळून तो जळक्या रबरासारखा, सडक्या लसणासारखा आणि डोळ्यांना झोंबणारा असतो. काहींना तर घरात गॅस गळतो आहे अशीच शंका येते, आणि ती शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती चटकन लक्षात यावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळतात. पुण्यातल्या स्वयंपाकघरात सिलिंडर बदलताना नाकाला जाणवणारे ते द्रव्य आणि न्यू जर्सीतल्या एडिसन गावी अंगणात कुत्र्याच्या तोंडावर उडालेली द्रव्ये एकाच रासायनिक घराण्यातली आहेत. या घराण्याला थायॉल म्हणतात. मरकॅप्टन हे त्याचेच जुने नाव.

अल्कोहोलच्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसवला की थायॉल तयार होतो. आपण या मूलद्रव्याला गंधक म्हणतो खरे, पण शुद्ध गंधकाच्या पिवळ्या खड्याला फारसा गंध नसतो; गंधकाला हायड्रोजन जोडला गेला की मग ते आपले नाव सार्थ करते. स्कंकच्या फवाऱ्यातले थायॉल हवेच्या एक अब्ज भागांत दहा भाग इतके विरळ असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. नाकातल्या थायॉल ओळखणाऱ्या एका गंधग्राही प्रथिनाच्या कामात तांब्याच्या आयनाचा मोठा हात असतो, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गंधक आणि तांबे यांचे रासायनिक सख्य जुनेच आहे. तांब्याची भांडी काळवंडतात त्यातही या सख्याचा वाटा असतो.

स्कंक मुळात भांडखोर प्राणी नाही. शेपटीखालच्या त्याच्या दोन ग्रंथींत मिळून काही चमचेच द्रव मावतो आणि त्या रिकाम्या झाल्या तर पुन्हा भरायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे तो ही पुंजी जपून वापरतो. आधी तो पुढचे पाय जमिनीवर आपटतो, फिसकारतो, शेपटी उभी करतो, आणि एवढ्यावरही समोरचा मागे हटला नाही तर पाठ फिरवून नेम धरतो. हा नेम तीन मीटरपर्यंत सहसा चुकत नाही. जंगलातले अनुभवी प्राणी पाय आपटल्याचा आवाज ऐकूनच वाट बदलतात. पाळीव कुत्र्याला मात्र ते खेळाचे आमंत्रण वाटते, आणि तो नाक पुढे करून आणखी जवळ जातो. म्हणूनच फवारा बहुधा तोंडावर, मानेवर आणि छातीवर बसतो.

या पिवळसर, तेलकट द्रवात नेमके काय असते याचा शोध शंभर वर्षांहून अधिक काळ रेंगाळला, आणि या रेंगाळण्याचे कारण समजण्यासारखे आहे: असा नमुना घेऊन प्रयोगशाळेत शिरणाऱ्या संशोधकाला शेजारी टिकत नाहीत. टॉमस ऑल्ड्रिच यांनी 1896 साली या द्रवाचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले आणि त्यात ब्युटाइल मरकॅप्टन असल्याचा निष्कर्ष काढला. तो पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिला. अखेर 1975 साली न्यू हॅम्पशर विद्यापीठातील अँडरसन आणि बर्नस्टीन यांनी अधिक आधुनिक साधनांनी तपासणी केली, तेव्हा मुख्य थायॉल निराळेच असल्याचे दिसून आले. पुढे 1990 साली कॅलिफोर्नियातील हंबोल्ट स्टेट विद्यापीठाच्या विल्यम वुड यांनी पट्टेरी स्कंकच्या फवाऱ्यातील सात प्रमुख घटकांचे चित्र मांडले. कुत्रा धुणाऱ्याच्या दृष्टीने त्यातले दोन गट महत्त्वाचे आहेत. पहिला गट थायॉलांचा. तो लगेच आणि जोरात नाकावर आदळतो. दुसरा गट थायोअ‍ॅसिटेटांचा, आणि तो अधिक लबाड आहे. थायोअ‍ॅसिटेट स्वतः फारसे घाण मारत नाहीत, पण पाण्याच्या संपर्कात त्यांचे हळूहळू विघटन होते आणि त्यातून पुन्हा थायॉल सुटतात. धुऊन पुसून स्वच्छ झालेला कुत्रा दोन आठवड्यांनी पावसात भिजून आला की घरभर पुन्हा तोच वास का पसरतो, याचे उत्तर केसांत दडून बसलेल्या या रेणूंमध्ये आहे. ठिपकेदार स्कंकच्या फवाऱ्यात थायोअ‍ॅसिटेट आढळत नाहीत. फवारा खाणारच असेल तर तो ठिपकेदार स्कंकचा असलेला बरा, पण ही निवड कुत्र्याच्या हाती नसते.

आता उपायांकडे वळू. साध्या पाण्याने फारसे काही साधत नाही, कारण हे द्रव्य तेलकट असते आणि पाण्याशी त्याचे जमत नाही. शाम्पूने काही भाग निघतो, पण नाकाला जिथे अब्जांशही पुरतो तिथे नव्वद टक्के निघून दहा टक्के उरणे म्हणजे जवळजवळ सगळेच उरणे. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घरगुती उपाय टोमॅटोच्या रसाचा. डबेच्या डबे फोडून कुत्र्याला टबात उभे करतात, लाल रसाने चोळतात, आणि अर्ध्या तासाने सगळ्यांना वाटते की वास गेला. थायॉल नष्ट करणारे टोमॅटोत काही नाही. तेवढ्या वेळात धुणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावून बधिर झालेले असते आणि टोमॅटोचा नवा वास तेवढा जाणवत राहतो. त्याच वेळी बाहेरून कुणी घरात पाऊल टाकले की त्याच्या चेहऱ्यावरून खरी परिस्थिती कळते. अत्तर, व्हिनेगर, सुगंधी साबण यांनीही वासावर फक्त पांघरूण घातले जाते. रेणू जसाच्या तसा राहतो.

रेणूच बदलण्याचा सोपा उपाय एका रसायनशास्त्रज्ञाला जवळजवळ योगायोगाने सापडला. इलिनॉयमध्ये काम करणारे पॉल क्रेबॉम यांच्या प्रयोगांत हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार होत असे, आणि त्याचा उपद्रव होऊ नये म्हणून ते तो अल्कलीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणातून सोडत. एका सहकाऱ्याच्या मांजरावर स्कंकने फवारा मारल्याचे कानावर आले तेव्हा त्यांच्या मनात आले की थायॉल हे याच वायूचे भाऊबंद, मग तेच रसायन सौम्य करून वापरले तर? प्रयोग यशस्वी झाला. 1993 साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या ‘केमिकल अँड इंजिनिअरिंग न्यूज’ या साप्ताहिकात ही कृती छापून आली, वर्तमानपत्रांनी ती उचलली, आणि आज तिथले बहुतेक पशुवैद्य तीच सांगतात.

कृती अशी. तीन टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड सुमारे एक लिटर, त्यात पाव कप खायचा सोडा आणि एक लहान चमचा भांडी घासायचा द्रव साबण. प्लॅस्टिकच्या उघड्या बादलीत किंवा घमेल्यात हे एकत्र केले की बारीक बुडबुडे उठू लागतात, आणि त्या बुडबुड्यांचा जोर असेपर्यंतच मिश्रण वापरायचे असते. यातले तिन्ही पदार्थ आपापले काम करतात. साबण तेल फोडून बाकीच्या दोघांना थायॉलपर्यंत पोहोचू देतो. पेरॉक्साइड ऑक्सिजन पुरवते. सोडा द्रावण किंचित अल्कधर्मी करतो, त्यामुळे थायॉलचा हायड्रोजन सैल होतो आणि गंधकाचे ऑक्सिडीकरण सोपे होते. शिवाय सोड्यातले बायकार्बोनेट पेरॉक्साइडशी संयोग पावून त्याहून चपळ असा ऑक्सिडीकारक तयार करते. या क्रियेत काही थायॉल रेणू दोन-दोन जोडीने बांधले जाऊन डायसल्फाइड होतात, आणि ऑक्सिडीकरण पुढे गेले की सल्फॉनिक आम्लाचे क्षार बनतात. हे क्षार पाण्यात विरघळतात, हवेत उडत नाहीत, आणि जे हवेत उडत नाही ते नाकापर्यंत पोहोचत नाही.

खायचा सोडा हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो बराच तीव्र अल्कली आहे आणि कुत्र्याची कातडी भाजून काढू शकतो. बेकिंग पावडरही चालत नाही, कारण तिच्यात सोड्याबरोबर आम्लही असते आणि दोघे एकमेकांना निकामी करतात. पेरॉक्साइडची तीव्रताही बाटलीवर वाचूनच घ्यावी. अमेरिकेत औषधांच्या दुकानात तपकिरी बाटलीत सर्रास मिळते ते तीन टक्क्यांचे, तर भारतात केमिस्टकडे बहुधा सहा टक्क्यांचे मिळते, आणि केस रंगवण्यासाठी विकले जाणारे त्याहूनही तीव्र असू शकते.

कुत्र्याला आधी पाण्याने भिजवू नये, कारण त्याने तेल पसरते. घरात तर त्याला मुळीच घेऊ नये. गालिच्यावर आणि सोफ्यावर तो एकदा लोळला की कुत्रा धुण्याचे काम घर धुण्यावर जाते. हातात रबरी मोजे घालून, बाहेरच, कोरड्या केसांवर मिश्रण ओतावे आणि बोटांनी थेट कातडीपर्यंत चोळावे. तोंडावर ते ओतायचे नाही, कापड बुडवून हलकेच पुसायचे, आणि डोळ्यांत एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. डोळ्यांत फवारा गेला असेल तर नुसत्या कोमट पाण्याने धुवावेत. पाचेक मिनिटांनी भरपूर पाण्याने अंग धुऊन काढावे. फार वेळ ठेवल्यास काळ्या केसांवर तांबूस झाक येते, कारण पेरॉक्साइड शेवटी रंग उडवणारे द्रव्य आहे. नाक आता भरवशाचे राहिलेले नसते, म्हणून तपासणी शेजाऱ्याकडून करून घ्यावी. गरज पडल्यास दुसऱ्यांदा मिश्रण करावे, मात्र ते नव्याने.

उरलेले मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो धोक्याचा आहे. तीन टक्क्यांचे एक लिटर पेरॉक्साइड पूर्ण विघटित झाले तर त्यातून सुमारे दहा लिटर ऑक्सिजन वायू बाहेर पडतो. सोड्यामुळे हे विघटन झपाट्याने होते, आणि बंद बाटलीत दहा लिटर वायूला जायला जागा नसते, बाटली फुटते. हेच मिश्रण तयार बाटलीत भरून दुकानात का विकत नाहीत, याचेही कारण हेच. उरलेल्या मिश्रणात पाणी घालून ते मोरीत ओतून द्यावे.

वासाच्या गडबडीत दोन गोष्टी नजरेतून सुटतात. अमेरिकेत रेबीज पसरवणाऱ्या वन्य प्राण्यांत स्कंकचा समावेश होतो, त्यामुळे कुत्र्याच्या ओठांवर, नाकावर, पायांवर चाव्याची खूण आहे का हे उजेडात नीट पाहावे, आणि असल्यास लसीची तारीख काहीही असो, डॉक्टरांकडे जावे. दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण घडल्याची नोंद आहे: जवळून बसलेल्या फवाऱ्यातली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करून त्याला पंडुरोगी करू शकतात. कुत्र्याला कांदा-लसूण घातलेले खाणे देऊ नये असे सांगतात त्यामागेही असेच गंधकी रसायनशास्त्र असते. फवाऱ्यानंतरच्या दिवसांत कुत्रा मलूल वाटला, हिरड्या फिकट दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर थांबू नये.

आणि थायोअ‍ॅसिटेट तर उरतातच, विशेषतः कानांच्या मागे आणि गळपट्ट्याखालच्या दाट केसांत. नायलॉनचा गळपट्टा याच मिश्रणात बुडवून निघतो, चामड्याचा टाकलेला बरा. ज्या दिवशी कुत्रा पावसात भिजून येतो आणि कानामागे पुन्हा तो जळक्या रबराचा वास येतो, त्या दिवशी संपूर्ण आंघोळ घालण्याची गरज नसते. वाटीभर पेरॉक्साइड, चमचाभर खायचा सोडा, साबणाचे दोन थेंब आणि एक जुना नॅपकिन घेऊन तेवढीच जागा पुसून काढावी, आणि कुत्रा अंग झाडण्याआधी दोन पावले मागे सरावे.